गाडी गेली, नाव राहिलं

सकाळी साडेसात

फोन पाटोद्याहून आला. मेहुण्यानं पुण्यात वापरलेली स्विफ्ट घ्यायचं ठरलंय. व्यवहार घरातलाच, पैसे दोन हप्त्यांत. सगळं पक्कं झाल्यावर एकच शंका उरली आहे. "दादा, गाडी एमएच-१२ ची हाये. आपल्या बीडात आणली की टॅक्स पुन्हा किती भरावा लागंल?"

काहीच भरावा लागणार नाही, असं सांगितलं की पलीकडचा माणूस गप्प होतो. मग तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. त्याचा विश्वास बसलेला नसतो.

मी बीडच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातली गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करून देतो. लोक आम्हाला एजंट म्हणतात. जुन्या गाडीचा व्यवहार घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी कराचं विचारतो, म्हणून पाटोद्याच्या पाहुण्याला सांगितलं ते इथंही सांगतो. महाराष्ट्रात खासगी मोटार किंवा दुचाकी नवी घेतली की नोंदणीच्या वेळीच तिचा एकरकमी कर भरून होतो. आजचा दर पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत किमतीच्या ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढं १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे आठ लाखांच्या पेट्रोल गाडीवर अठ्ठ्याऐंशी हजार रुपये पहिल्या मालकानं पहिल्याच दिवशी शासनाकडं जमा केलेले असतात. ही रक्कम त्या गाडीच्या खात्यावर पडते. गाडी राज्यातल्या राज्यात दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हातात गेली तरी कर गाडीबरोबरच जातो. नंबरही बदलत नाही. पुण्याची एमएच-१२ पाटोद्यात सुखानं फिरते, आपली एमएच-२३ पुण्यात.

"मग आरटीओत यायचं कामच नाही म्हणा की," पाहुणा म्हणतो.

यायचंच काम आहे. कर नाही म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, आणि गाडी नावावर करायची राहून जाते. पुढं दिवसभर माझ्या टेबलावर जे येतं, त्यातलं बरंच काही या राहून गेलेल्या कामाचं असतं.

साडेआठ

चहा घेऊन टेबल लावलं. दसरा जवळ आला की जिल्ह्यात जुन्या गाड्यांची उलाढाल वाढते. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर असतो, मुकादमांकडून उचल हातात आलेली असते. पिकअप, जीप, ट्रॅक्टर यांचे सौदे याच दिवसांत होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायच्या, त्याआधी गाडी दारात हवी. घाई सगळ्यांना असते, कागदाची घाई मात्र कुणालाच नसते.

आज पहिले आले ते वडवणीचे दोघे भाऊ. माजलगावच्या एकाकडून त्यांनी पिकअप घेतली आहे. नोटरी झाली, चावी मिळाली, गाडीनं दोन खेपाही केल्या. मी मोबाइलवर एम-परिवहन उघडलं आणि नंबर टाकला. खासगी मोटार असती तर कराच्या रकान्यात आयुष्यभराचा कर भरल्याची नोंद दिसली असती. इथं एक तारीख दिसली, आणि ती केव्हाच उलटून गेली होती.

पाटोद्याच्या स्विफ्टला दिलेलं उत्तर इथं चालत नाही. मालवाहू आणि प्रवासी वाहनांचा कर अनेकदा मुदतीमुदतीनं भरलेला असतो. मुदत संपली की थकबाकी सुरू, आणि थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के व्याज. दहा हजारांची बाकी दोन वर्षं तशीच पडून राहिली तर व्याजच पाच हजारांच्या घरात जातं. कायद्यानं ही थकबाकी जुन्या मालकाबरोबर निघूनही जात नाही. ज्याच्याकडं गाडी आली, तोही ती भरायला जबाबदार असतो. कर चुकता झाल्याशिवाय नावबदलाचा अर्जही पुढं सरकत नाही.

धाकटा भाऊ म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं, सगळं क्लिअर हाये." थोरला काही बोलला नाही. उचलीतले पैसे गाडीत गेले आहेत हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी माजलगावला फोन लावून दिला. विकणारा भला निघाला. बाकी निम्मी-निम्मी भरू म्हणाला. पण बोलणी चावी देण्याआधी झाली असती, तर ही बाकी सरळ किमतीतून वजा झाली असती.

१ जुलै २०२५ पासून नव्यानं नोंदणी होणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या सात टक्के एकरकमी कर लागू झाला आहे. त्याच दिवसापासून सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्यानं वाढला आणि महागड्या मोटारींवरच्या कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाख झाली. पिकअपवाल्यांचा मुदतीच्या कराचा त्रास यामुळं पुढं कमी होईल. रस्त्यावर आज ज्या जुन्या गाड्या आहेत, त्यांच्या तारखा मात्र तपासूनच घ्याव्या लागतील.

पावणेदहा

कार्यालय उघडलं. शासनाचा पाच दिवसांचा आठवडा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून शनिवार-रविवार बंद आणि रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा. आष्टी किंवा शिरूर कासारहून येणाऱ्याचा अर्धा दिवस एसटीतच जातो, म्हणून बाहेरगावच्यांची कामं आधी घेतो.

नावबदलाला लागतं काय? नमुना २९, म्हणजे विकणाऱ्यानं द्यायची सूचना, दोन प्रतींत. नमुना ३०, म्हणजे घेणाऱ्याचा अर्ज. मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, दोघांच्या ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा. गाडीवर कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. अर्ज ऑनलाइन भरायचा. दोघांचे मोबाइल आधारला जोडलेले असतील तर ओटीपीवर बरंच काम घरबसल्या होतं.

फी किती? मोटारीला तीनशे रुपये, दुचाकीला दीडशे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च वेगळा. कर्जाचा बोजा चढवायचा किंवा उतरवायचा असेल तर त्याची फी निराळी. एवढाच सरकारी हिशेब. मी माझी मजुरी वेगळी सांगतो आणि वेगळी घेतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण खेड्यापाड्यांत "नाव बदलायला टॅक्स लागतो" असं सांगून हजारो रुपये उकळले जातात. राज्यातली खासगी गाडी एका माणसाच्या नावावरून दुसऱ्या माणसाच्या नावावर करायला कुणी कर मागत असेल, तर त्याच्याकडं शासनाची पावती मागा. जे शासनाकडं जातं त्याची पावती ऑनलाइन निघते. जिची पावती निघत नाही, ती रक्कम कर नव्हे.

मुदतीचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५०. विकणाऱ्यानं राज्यातल्या व्यवहाराची सूचना चौदा दिवसांत द्यायची, घेणाऱ्यानं तीस दिवसांत अर्ज करायचा. कायद्यानं आधी विकणाऱ्याला बांधलं आहे, आणि ते योग्य आहे. व्यवहाराच्या क्षणी कागदावर नाव त्याचंच असतं. आपल्याकडं मात्र विकणारा पैसे मोजून घेतो, सह्या करून कोरे नमुने देतो आणि म्हणतो, "तुम्ही बघा आता."

साडेअकरा

केजकडच्या एका ताई सासऱ्यांना घेऊन आल्या. मालक अपघातात गेले, मागं एक दुचाकी आणि दोन लेकरं. दुचाकी आता दीर वापरणार आहे. "नवऱ्याच्या नावावरची गाडी माझ्या नावावर करायला पुन्हा कर भरावा लागतो का?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

नाही, ताई. वारसाच्या नावावर गाडी करताना एकरकमी कर पुन्हा लागत नाही. नमुना ३१, मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, बाकीच्या वारसांची संमती. मृत्यूनंतर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. २०२१ पासून नोंदणीच्या वेळीच किंवा नंतरही गाडीला वारसदार नेमून ठेवता येतो, बँकेच्या खात्याला नेमतात तसाच. त्यांच्या गाडीला तो नेमलेला नव्हता. फार थोडे लोक नेमतात. दोन मिनिटांचं काम असतं, आणि मागं राहिलेल्या बाईच्या कितीतरी चकरा वाचतात.

त्यांच्यामागं एक तरुण उभा होता. त्याचं प्रकरण याच धाग्यातलं, पण गुंता मोठा. त्यानं काही वर्षांपूर्वी गेवराईत नोटरी करून मोटारसायकल घेतली. ज्याच्याकडून घेतली तो आता हयात नाही. कोऱ्या नमुन्यावरच्या सह्या आहेत, पण मेलेल्या माणसाच्या नावानं आजची तारीख घालता येत नाही आणि घालूही नये. आता आधी मयताच्या वारसांच्या नावावर गाडी करायची आणि मग वारसांकडून याच्या नावावर. वारस तीन, त्यातला एक चाकणला कंपनीत. त्याची सही, त्याचा ओटीपी, त्याची रजा. दीडशे रुपयांच्या फीचं काम वेळेत झालं असतं तर हे काहीच करावं लागलं नसतं.

पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी झाली म्हणजे गाडी नावावर झाली, ही समजूत आमच्या जिल्ह्यात पक्की बसली आहे. नोटरी हा दोघांमधल्या व्यवहाराचा पुरावा. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत तिनं एक अक्षरही बदलत नाही.

दुपारी एक

डबा उघडायच्या वेळेला गुरुजी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या ओळखीचे. हातात समन्स. चार वर्षांपूर्वी विकलेल्या जीपनं एका दुचाकीस्वाराला उडवलं, माणूस दगावला, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा दाखल झाला. प्रतिवादींच्या यादीत गुरुजींचं नाव आहे.

"अहो, मी त्या गाडीला हातसुद्धा लावला नाही चार वर्षांत. मी विकली एकाला, त्यानं दुसऱ्याला, आता ती कुणाकडं आहे ते मला ठाऊकही नाही. माझा काय संबंध?"

डबा बाजूला ठेवला. हे प्रकरण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं, कारण इथं प्रामाणिक माणूस अडकतो. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात नेमका हाच प्रश्न सोडवला. तिथंही गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती आणि नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. न्यायालयानं सांगितलं की कायद्याच्या व्याख्येनुसार नोंदणीपुस्तकात ज्याचं नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात ज्याचं माणूस गेलं, त्याच्या घरच्यांनी गाडी कुणाकुणाला विकली हे शोधत फिरायचं का? न्यायालयाचा विचार पीडिताच्या बाजूचा आहे आणि तो मला पटतो. पण त्याचा भार गुरुजींसारख्यांवर येतो.

मी विचारलं, "अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का?" सगळं यावर ठरतं. गाडी विकली की तृतीय पक्षाचा विमा कलम १५७ प्रमाणं गाडीबरोबर नव्या मालकाकडं गेला असं मानलं जातं, त्यामुळं विमा जिवंत असेल तर भरपाई विमा कंपनीवर जाते. घेणाऱ्यानं चौदा दिवसांत कंपनीला कळवून आपलं नाव लावून घ्यायचं असतं. गुरुजींच्या जीपचा विमा नंतरच्या कुणीच भरला नव्हता. मी त्यांना नोटरीची प्रत, पैसे मिळाल्याची बँकेची नोंद, खरेदीदाराचं आधार असं जे जे आहे ते सगळं घेऊन वकिलाकडं जायला सांगितलं. पुढच्या खरेदीदारांना दाव्यात ओढणं, त्यांच्याकडून रक्कम वसूल करायचा मार्ग शोधणं हे वकिलाचं काम आहे. माझ्या टेबलावर याला उपाय नाही.

थोडा वेळ बसून गुरुजी म्हणाले, "माझा मुलगा इंग्लंडला असतो. त्यानं मागं तिकडं कार विकली तर त्याच संध्याकाळी सरकारला कळवलं. म्हणाला, कळवलं नाही तर टॅक्सचे पैसे परत येत नाहीत."

बरोबर आहे. ब्रिटनमध्ये वाहन कर वर्षाचा किंवा सहा महिन्यांचा असतो. १ ऑक्टोबर २०१४ पासून तिथं गाडी विकली की कर तिच्याबरोबर जात नाही. विकणाऱ्यानं वाहन नोंदणी करणाऱ्या संस्थेला कळवायचं, उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे त्याला परत मिळतात. घेणाऱ्यानं गाडी रस्त्यावर काढण्याआधी आपला कर नव्यानं भरायचा. कराची तारीख लिहिलेली काचेवरची चकतीही त्याच दिवशी बंद झाली. घेणाऱ्याला हे महाग पडतं, तक्रारीही पुष्कळ झाल्या. पण विकणाऱ्याला तिथं कळवण्यात स्वतःचे पैसे दिसतात आणि घेणाऱ्याला कर भरल्याशिवाय गाडी चालवता येत नाही, म्हणून दोघंही वेळेत नोंद करतात.

आपली पद्धत गरीब खरेदीदाराला सोयीची आहे. दोन-तीन लाखांची जुनी गाडी घेणाऱ्या शेतमजुराच्या मुलाला पुन्हा कर भरावा लागत नाही, ही सवलत राहायलाच हवी. पण एकरकमी करानं नोंदणीकडं ओढणारा धागा तोडला. विकणाऱ्याला परत काही मिळायचं नाही, घेणाऱ्याला काही भरायचं नाही, मग दोघांपैकी कार्यालयात जाणार कोण? माझं मत असं की नावबदलाचा अर्ज झाल्याशिवाय पुढचा विमा नव्या मालकाला मिळू नये. टोलनाक्यावरच्या फास्टॅगलाही हीच अट घालावी. पैसे न घेताही माणूस वेळेवर येईल.

दुपारी अडीच

एका ठेकेदारांचा माणूस आला. साहेबांची स्वतःच्या नावावरची गाडी कंपनीच्या नावावर करायची आहे, घसारा मिळावा म्हणून. हा प्रकार वेगळा. मोटार कंपनीच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात कराचा दर २० टक्के आहे. माणसाच्या नावावरची गाडी कंपनीकडं गेली की फरकाचा कर भरावा लागतो. खासगी गाडी टॅक्सीसाठी नोंदवतानाही वापर बदलतो, म्हणून कराचा हिशेब बदलतो. तेव्हा "मालक बदलला तरी कर नाही" हे वाक्य माणसाकडून माणसाकडं आणि त्याच वापरासाठी जाणाऱ्या खासगी गाडीपुरतंच खरं. ठेकेदारांच्या सीएला विचारून या म्हणून सांगितलं. घसाऱ्यात जे वाचेल त्यापेक्षा फरक मोठा निघाला तर व्यवहारच निरर्थक.

त्यानं जाता जाता विचारलं, "जुन्या गाडीवर अठरा टक्के जीएसटी लागला म्हणे?" ही अफवा वर्षभर फिरतेय. जानेवारी २०२५ पासूनचा तो दर जुन्या गाड्यांच्या नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. घरगुती माणसानं घरगुती माणसाला गाडी विकली तर जीएसटीचा संबंध येत नाही.

साडेतीन

दिल्लीची गाडी आली. अशा गाड्या आमच्याकडं वाढल्या आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन बंधनं आल्यापासून तिथल्या मोठ्या गाड्या उतरत्या किमतीत देशभर जातात. गेवराईच्या एका पोरानं मोबाइलवर फोटो बघून अशीच एक गाडी रेल्वेनं जाऊन आणली. चकचकीत आहे. किंमत ऐकून मलाही ती स्वस्त वाटली.

पण राज्याची हद्द ओलांडली की कराचा नियम उलटा होतो. त्या गाडीचा कर दिल्लीत भरलेला आहे, महाराष्ट्रात नाही. इथं नोंदणी करायची तर मूळ किंमत आणि गाडीचं वय बघून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. वय जितकं जास्त, तितका कर कमी. त्याआधी दिल्लीहून नमुना २८ चं ना-हरकत पत्र हवं. तिथं भरलेल्या कराचा परतावा मिळू शकत असेल तर तो तिथल्या कार्यालयाकडं, तिथल्या नियमानं मागायचा. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की कलम ४७ प्रमाणं नवा नंबर घ्यावाच लागतो. दिल्लीचं नाव पुसून एमएच-२३ लागेपर्यंत स्वस्ताई बरीच आटते.

पोरानं ना-हरकत पत्र आणलेलंच नाही. विकणारा फोन उचलत नाही. त्याला सरळ सांगितलं, उरलेले पैसे देऊ नकोस, पत्र हातात आल्याशिवाय गाडी लांब नेऊ नकोस.

मग सुट्टीवर आलेला एक जवान आला. आमच्या जिल्ह्यातून फौजेत जाणारी पोरं भरपूर. याची गाडी बीएच मालिकेतली. २०२१ साली सुरू झालेल्या या मालिकेत बदलीच्या नोकरीतल्या माणसाला पूर्ण एकरकमी कर भरावा लागत नाही, दोन-दोन वर्षांचा कर भरत जायचं. गाडी भावाला द्यायची आहे, भाऊ शेती करतो. बीएचसाठी पात्र नसलेल्या माणसाकडं गाडी जाताना ती राज्याच्या नेहमीच्या नंबरवर आणावी लागते आणि इथला कर त्या वेळी भरावा लागतो. जवानानं सगळं वहीत लिहून घेतलं. अशी माणसं भेटली की काम करायला बरं वाटतं.

पाच

जुन्या गाड्यांचा ढीग शेवटी घेतो. नोंदणीला पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी विकायची तर नावाआधी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. तपासणी, १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला पाच हजार आणि दुचाकीला हजार रुपये फी, शिवाय पर्यावरण कर. तो पाच वर्षांचा एकदम असतो. दुचाकीला दोन हजार, पेट्रोल मोटारीला तीन हजार, डिझेलला साडेतीन हजार. पंधरा वर्षांपूर्वी भरलेल्या एकरकमी कराशी याचा संबंध नाही. वीस-पंचवीस हजारांना जुनी मारुती घेणाऱ्याला हे आकडे आधी कुणी सांगत नाही आणि मग गाडी अंगणात उभी राहते. २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तरीही काम अडतं.

सव्वासहा

खिडक्या बंद झाल्या. आजचे अर्ज नोंदवले, पावत्या ज्याच्या त्याला पाठवल्या. वडवणीच्या भावांची थकबाकी भरली गेली. त्यांचा अर्ज उद्या लागेल. केजच्या ताईंना पुढच्या आठवड्यात दोन साक्षीदारांसह यायला सांगितलं आहे.

घरी जाताना पेठ बीडच्या एका मेकॅनिकनं थांबवलं. त्यानं विकलेल्या गाडीचं चलन त्याच्या मोबाइलवर आलं आहे, द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं. रक्कम मोठी नाही. मी त्याला म्हटलं, चलन भरण्याआधी उद्या नमुना २९ घेऊन ये. उशिरा का होईना, सूचना दे. चलन हा पहिला इशारा असतो.

रात्री साडेआठ

पाटोद्याच्या पाहुण्याचा पुन्हा फोन. मेहुणा उद्या पुण्याहून येतोय. काय काय आणायला सांगू?

त्याला जे सांगितलं तेच वाचकांनाही सांगतो. विकणाऱ्यानं मूळ आरसी, विमा, पीयूसी आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यावं. कोऱ्या नमुन्यावर सही करू नये. तारीख, खरेदीदाराचं नाव आणि पत्ता भरूनच सही करावी. अर्जाची पावती निघाल्यावरच चावी द्यावी, आणि फास्टॅग बंद करावा. घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी एम-परिवहनवर कर्जाचा बोजा, विम्याची तारीख आणि गाडी धंद्याची असेल तर कराची तारीख बघावी. तुम्ही मागं कधी एखादी गाडी विकली असेल, तर आज रात्रीच तिचा नंबर टाकून बघा. मालकाच्या रकान्यात अजून तुमचंच नाव दिसलं, तर कार्यालय उघडतं पावणेदहाला.